शेळीचे रक्त कोणाच्या मापाने मोजावे?

एखाद्या लहान शहरातील रक्ततपासणी प्रयोगशाळेत, जिथे दिवसभर माणसांचेच नमुने येतात, तिथे एका शेळीच्या रक्ताची कुपी आली अशी कल्पना करावी. शेळी धडधाकट आहे, यंत्र नेहमीच्या मानवी मांडणीवर चालू आहे. दोन मिनिटांत कागद बाहेर येतो. हिमोग्लोबिन बेताचे, पण तांबड्या पेशी चिंता वाटावी इतक्या कमी आणि प्लेटलेट अशक्य वाटाव्यात इतक्या जास्त. या कागदावर कोणी विसंबला तर निरोगी शेळीला रक्ताचा दुर्धर विकार जडल्याचे निदान होईल. यंत्रात बिघाड नाही, तंत्रज्ञाची हयगय नाही. फक्त यंत्राने विचारलेले प्रश्न माणसाच्या रक्तासाठी रचलेले होते.

हे कसे घडते ते कळण्यासाठी यंत्राच्या पोटात शिरावे लागते, आणि तिथे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अगदी ओळखीचे दृश्य दिसते. अमेरिकेतील वॉलेस कुल्टर यांना १९५३ साली ज्या पद्धतीचे पेटंट मिळाले, तीच आजही अनेक यंत्रांचा गाभा आहे. क्षारांच्या द्रावणात विरल केलेले रक्त एका अतिसूक्ष्म छिद्रातून ओढले जाते. छिद्राच्या दोन्ही अंगांना विद्युतअग्रे असतात आणि त्यांच्यामधून स्थिर प्रवाह वाहत असतो. पेशीचे आवरण विजेला जवळजवळ दुर्वाहक, त्यामुळे एकेक पेशी छिद्रातून सरकताना रोध क्षणभर वाढतो आणि विद्युतदाबाचा एक स्पंद उमटतो. स्पंद मोजले की पेशींची संख्या मिळते. स्पंदाची उंची पेशीच्या आकारमानाच्या प्रमाणात असते. पद्धत इतकी सुबक आहे की तिच्या प्रेमात पडावे. पण छिद्रातून गेलेला कण केवढा होता एवढेच तिला कळते. तो कण कोण होता, हे ठरवायला यंत्रात आधीच एक उंबरठा बसवून ठेवलेला असतो.

माणसाची तांबडी पेशी सरासरी ८० ते १०० फेम्टोलिटर आकारमानाची असते. प्लेटलेट त्या मानाने चिमुकल्या, साधारण २ ते २० फेम्टोलिटर. मधला पट्टा बहुतांशी ओसाड असल्यामुळे उंबरठा बसवणे सोपे जाते: अनेक मानवी यंत्रांत सुमारे ३६ फेम्टोलिटरच्या वरचा कण तांबडी पेशी आणि २० च्या खालचा कण प्लेटलेट समजला जातो. आता शेळीची तांबडी पेशी किती मोठी? १६ ते २५ फेम्टोलिटर. म्हणजे तिच्या तांबड्या पेशी प्लेटलेटच्या खात्यात जमा होतात किंवा मधल्या ओसाड पट्ट्यात हरवून जातात. गायीच्या पेशी ४० ते ६० फेम्टोलिटरच्या, त्या उंबरठ्याच्या वर तरल्या तरी काठावरच असतात. मांजराची तांबडी पेशी लहान आणि प्लेटलेट मोठ्या, तेव्हा तिथे दोन्ही खात्यांची सरमिसळ होते. कुत्र्याचे रक्त मात्र माणसाच्या यंत्रात बऱ्यापैकी निभावते, आणि घोटाळ्याचे मूळ काही अंशी इथेच आहे. शहरातल्या कुत्र्यांचे अहवाल ठीक येतात हे पाहून तेच यंत्र शेळीलाही चालेल असा समज होतो.

निसर्गाचा हिशेब मात्र कुठेही चुकलेला नसतो. माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात; प्रत्येकी ९० फेम्टोलिटर धरल्यास रक्ताचा ४५ टक्के भाग त्यांनी व्यापलेला असतो. शेळीच्या तेवढ्याच रक्तात ८० लाखांपासून पावणेदोन कोटींपर्यंत पेशी असू शकतात. १.३ कोटी पेशी आणि प्रत्येकीचे आकारमान २० फेम्टोलिटर धरले तर व्याप्ती २६ टक्के येते, आणि शेळीसाठी ती निरोगी आहे. लहान पेशी, पण संख्येने अफाट.

अशा कागदावरची लबाडी ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. हिमोग्लोबिन मोजण्यासाठी यंत्र पेशी फोडते आणि द्रावणात किती प्रकाश शोषला गेला ते पाहते. तिथे पेशीच्या आकाराचा संबंध येत नाही, म्हणून तो आकडा शेळीतही बहुधा बरोबर असतो. आता हिमोग्लोबिनला तांबड्या पेशींच्या व्याप्तीने भागावे. बहुतेक सस्तन प्राण्यांत उत्तर दर १०० मिलिलिटर पेशींमागे ३० ते ३६ ग्रॅमच्या आसपास यायला हवे, कारण पेशीत याहून फारसे अधिक हिमोग्लोबिन मावत नाही. उत्तर ६० किंवा ७० आले तर तो रोग नव्हे. मोजणीच फसलेली आहे. (उंटाच्या कुळात हा आकडा निरोगी स्थितीतही चाळिशीच्या पुढे जातो. पण उंट बहुतेक नियमांना अपवादच असतो: त्याच्या तांबड्या पेशी गोल नसून लंबगोल असतात आणि पाण्याने फुगून दुपटीहून मोठ्या झाल्या तरी फुटत नाहीत.) हा भागाकार दहावीच्या विद्यार्थ्याला जमेल. अहवालावर सही करणाऱ्याने तो करावा ही अपेक्षा जास्त नाही.

प्राण्यांसाठी स्वतंत्र मांडणी असलेली यंत्रे अर्थातच आहेत, आणि पशुवैद्यक महाविद्यालयांत व मोठ्या शहरांतील दवाखान्यांत ती वापरलीही जातात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १४.९ कोटी शेळ्या आणि ७.४ कोटी मेंढ्या आहेत. त्या बहुतांशी अशा घरांत आहेत जिथे जनावर आजारी पडले की आधी शेजारच्याला विचारतात, मग औषधाच्या दुकानात, आणि अगदीच शेवटी रक्त तपासण्याची गोष्ट निघते. तेव्हा सर्वांत जवळची प्रयोगशाळा माणसांचीच असते. हातावर पोट असलेल्या माणसाने त्या तपासणीसाठी पैसे मोजलेले असतात, आणि चुकीच्या अहवालाची किंमतही तोच मोजतो.

उंबरठ्याचा प्रश्न यंत्र बदलून सुटू शकतो. त्यामागे जो दुसरा प्रश्न आहे तो इतक्या सहज सुटणारा नाही, आणि त्याची चर्चाही फारशी होत नाही. अहवालावर प्रत्येक आकड्याशेजारी एक मर्यादा छापलेली असते, इतक्यापासून इतक्यापर्यंत. ही मर्यादा येते कुठून? निरोगी प्राण्यांचा एक गट घ्यायचा, त्यांचे रक्त मोजायचे, दोन्ही टोकांचे अडीच अडीच टक्के सोडून द्यायचे आणि उरलेल्या ९५ टक्क्यांना सामान्य म्हणायचे. यासाठी किमान १२० निरोगी प्राणी असावेत ही मान्य पद्धत आहे. व्याख्येतच दर वीस निरोगी जनावरांमागे एक असामान्य ठरणार हे ठरून गेलेले आहे. एका अहवालात वीस परस्परस्वतंत्र चाचण्या असतील, तर पूर्ण निरोगी जनावराच्या कागदावर एक तरी आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. संख्याशास्त्र शिकणाऱ्यांनी ०.९५ चा विसावा घात काढून पाहावा. आकडा ठळक दिसला म्हणून इंजेक्शन टोचण्याआधी हे गणित आठवायला हवे.

पण ते १२० प्राणी कोणते होते? युरोप-अमेरिकेतील पाठ्यपुस्तकांत दिलेल्या गायीच्या मर्यादा प्रामुख्याने तिथल्या जातींच्या, तिथल्या हवामानात, तिथला चारा खाणाऱ्या गायींच्या आहेत. साहिवाल किंवा गीर गायीला, ओंगोल बैलाला, अरुणाचलच्या डोंगरांतील याकला किंवा नागालँडच्या मिथुनला तेच माप लागू होते असे गृहीत धरायला काही आधार नाही. जातीगणिक रक्त बदलते हे कुत्र्यांमध्ये केव्हाच सिद्ध झालेले आहे. ग्रेहाउंड कुत्र्यात तांबड्या पेशींची व्याप्ती इतर कुत्र्यांपेक्षा बरीच जास्त असते आणि जपानी अकिता व शिबा जातींच्या पेशी जात्याच लहान असतात. हे माहीत नसलेल्याला पहिल्यात शरीरातले पाणी आटल्याचा आणि दुसऱ्यांत लोहाच्या कमतरतेचा भास होईल. एकाच जातकुळीत एवढा फरक पडत असेल, तर जमुनापारी, सिरोही, ब्लॅक बेंगाल आणि उस्मानाबादी या चार शेळ्यांना एकच मर्यादा लावणे हे अज्ञान झाकण्याचा शिष्टसंमत मार्ग आहे, याहून सौम्य शब्द त्याला वापरता येत नाही.

भारतात अशी मोजमापे झालेली नाहीत असेही नाही. पशुवैद्यक नियतकालिकांत देशी जातींच्या रक्तावरील निबंध भरपूर सापडतात. पण त्यांतले कितीतरी दहा, वीस किंवा तीस जनावरांवर थांबतात. वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या ऋतूंत, बहुधा पदवीच्या गरजेपुरते केलेले असतात आणि पदवी मिळाल्यावर मिटतात. त्यांची बेरीज करून कोणी एक राष्ट्रीय तक्ता उभा केला आणि तो प्रयोगशाळांच्या यंत्रांत उतरवला, असे झालेले नाही.

इथे पक्ष्यांचे उदाहरण विसरता येत नाही, कारण त्याने देशाला महागात पडलेला धडा दिला. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींना केंद्रक असते, त्यामुळे पेशी फोडून पांढऱ्या पेशी मोजणारे यंत्र उरलेली केंद्रकेच पांढऱ्या पेशी म्हणून मोजत सुटते. शिवाय माणसाच्या मूत्रपिंडाची तब्येत पाहण्यासाठी युरिया मोजतात; पक्षी नायट्रोजन टाकतात तो मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात. गिधाडे मरत होती तेव्हा त्यांच्या अवयवांवर याच आम्लाचा पांढरा थर सापडला, आणि २००४ मध्ये कारण स्पष्ट झाले: गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मृत गुराच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडापर्यंत पोहोचत होते. २००६ मध्ये भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. पर्याय म्हणून मेलोक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे का हे तपासताना संशोधकांनी रक्तातील युरिक आम्लावरच नजर ठेवली. प्रश्न पक्ष्याच्या शरीराला साजेसा विचारला होता, म्हणून उत्तर मिळाले.

रक्त कोणाचे आहे याइतकेच ते कुठून आणि कसे काढले हेही महत्त्वाचे असते. घोडा बिथरला किंवा नुकताच पळून आला की त्याची प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. त्याच घोड्याचा आकडा अर्ध्या तासात वेगळा दिसतो. गुरांचे रक्त मानेच्या किंवा शेपटीच्या खालच्या अंगाच्या शिरेतून घेतात, कुत्र्याचे पुढच्या पायाच्या शिरेतून, डुकराचे पुष्कळदा छातीच्या तोंडाशी असलेल्या महाशिरेतून. आणि इथे भाषेचा घोळ सुरू होतो. माणसाच्या शरीररचनेत या महाशिरेला वरची महाशीर म्हणतात, कारण उभ्या माणसात ती हृदयाच्या वर असते. चार पायांच्या प्राण्यात ती वर नसतेच, पुढे असते. म्हणून जुन्या पशुवैद्यक ग्रंथांत तिला पुढची महाशीर म्हटले गेले. पण माणसाच्या शरीररचनेत पुढचे म्हणजे पोटाकडचे! एकच शीर आणि दिशा सांगणारे शब्द एकमेकांशी काटकोनात.

यावर पशुशरीरशास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा भौतिकशास्त्रातल्या कोणालाही पटेल. दिशा जमिनीवरून मोजायची नाही, शरीरालाच अक्ष बांधून टाकायचे. डोक्याकडील, शेपटीकडील, पाठीकडील, पोटाकडील. जनावर उभे असो, आडवे पडलेले असो वा उताणे, हे शब्द बदलत नाहीत. १९६८ मध्ये पशुशरीररचनेची आंतरराष्ट्रीय लॅटिन नामावली प्रथम प्रसिद्ध झाली ती याच पायावर, आणि वरील शिरेचे आजचे नाव डोक्याकडील महाशीर असे आहे. मराठीत मात्र डोक्याकडील असेच म्हणावे. शिराकडील म्हटले तर शिर आणि शीर यांच्यात ऱ्हस्वदीर्घाचाच काय तो फरक, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो टिकेलच असे नाही.

हा शब्दच्छल वाटत असेल तर गुडघ्याचे पाहावे. बैल खाली बसताना पुढचे गुडघे टेकतो असे आपण म्हणतो. शरीररचनेच्या दृष्टीने ती त्याची मनगटे असतात. मागच्या पायात उलटा वाकलेला जो सांधा दिसतो तो गुडघा नव्हे, टाच. खरा गुडघा बराच वर, पोटाच्या कडेशी, कातडीआड दडलेला असतो. आता १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी करून कोणी सांगितले की गायीच्या गुडघ्याला सूज आहे, तर ऐकणाऱ्याने कोणता सांधा समजायचा? पुढच्या पायाच्या मनगटावर पाण्याने भरलेली सूज बऱ्याचदा कठीण जमिनीवर बसण्याने येते. पण जुनाट ब्रुसेलोसिसमध्येही ती त्याच जागी दिसते, आणि ब्रुसेलोसिस हा कच्च्या दुधातून व गर्भपाताच्या स्रावातून माणसाला होणारा आजार आहे. शब्दावरून सांधा कळला, सांध्यावरून शंका आली, तर पुढे रक्तजलाच्या एका थेंबात गुलाबी रंगवलेले प्रतिजन मिसळून चार मिनिटांत गुठळ्या होतात का ते पाहता येते. या चाचणीला रोझ बेंगाल म्हणतात. सकारात्मक आली तरी लसीकरणाचा इतिहास विचारावाच लागतो, कारण लसीने आलेली प्रतिपिंडे आणि रोगाने आलेली प्रतिपिंडे ती वेगळी ओळखत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडींनाच देतात, त्यामागचे एक कारण हेच: वयात येईपर्यंत लसीची खूण बहुधा पुसली जावी.

पशुवैद्यकाची पदवी इंग्रजीतून होते, ते ठीकच. पण जनावराजवळ चोवीस तास असतो तो पशुपालक, आणि त्याच्या भाषेत शरीराचे नेमके शब्द नसतील तर पहिली माहितीच धूसर येते. पृष्ठीय, अधर असे संस्कृत प्रतिशब्द कोशांत आहेत. ते तिथेच राहिले. तमिळ, बांगला, आसामी, मराठी अशा प्रत्येक भाषेत जनावराचे एक चित्र आणि त्यावर तीसचाळीस रोजच्या वापरातले शब्द, एवढे जरी दवाखान्याच्या भिंतीवर लागले तरी पुष्कळ आहे.

हे सारे भारताला झेपणारे नाही, असे कोणी म्हणू नये. ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खान येथे सर्रा झालेल्या घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा परजीवी पाहिला आणि रोगाचे कारण तोच आहे असे सांगितले. अधिकारी वर्तुळाने ते मनावर घेतले नाही, पण सूक्ष्मदर्शक खरे बोलत होता. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली आणि १८९३ मध्ये मुक्तेश्वरला हलवलेली जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा म्हणजेच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. बुळकांडीचा शेवट झाला तो लसीने, परंतु ती संपली हे सिद्ध झाले रक्तजलाच्या देशव्यापी तपासणीने. २००६ मध्ये भारत त्या संसर्गापासून मुक्त घोषित झाला आणि २०११ मध्ये जग. ज्या देशाने हे करून दाखवले त्याला आपल्या शेळीच्या निरोगी रक्ताचा तक्ता बनवता येऊ नये?

कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन केंद्राकडे दोनशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. प्रत्येकीची १२० निरोगी जनावरे धरली तरी संख्या पंचवीस हजारांच्या आसपास राहते. वय, लिंग, गाभण अवस्था यांनुसार ती काही पट वाढेल, तरीही ती आवाक्यातली आहे. लसीकरणाचा परिणाम पाहण्यासाठी जनावरांचे रक्तजल घेतलेच जाते. जनावर धरलेले असते, सुई शिरेत असते. तेव्हाच गोठणरोधक असलेली दुसरी एक कुपी भरून घेणे हा खर्चाचा प्रश्न नाही. कुपी वेळेत थंड ठेवून योग्य यंत्रापर्यंत नेणे हे अवघड आहे, आणि पैसा लागला तर तो तिथे लागावा. प्रत्येक अहवालावर प्राणी, जात, वय, यंत्राची मांडणी आणि मर्यादा कोणत्या गटावरून घेतली हे छापणे बंधनकारक करायला तर पैसाही लागत नाही.

तोवर शेळीपालकाच्या हाती काहीच नाही असे नव्हे. शेळ्यामेंढ्यांत रक्तक्षयाचे एक मोठे कारण म्हणजे चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा हिमोंकस हा जंत. दक्षिण आफ्रिकेत यासाठी रंगांचा एक तक्ता तयार झाला, फमाचा नावाचा: खालची पापणी हलकेच ओढायची, आतल्या अस्तराचा रंग लालपासून पांढुरक्यापर्यंतच्या पाच छटांशी ताडून पाहायचा आणि फिकट दिसणाऱ्या जनावरांनाच औषध द्यायचे. सरसकट औषध देणे थांबल्याने जंतांची औषधाला न जुमानण्याची सवयही मंदावते. तो तक्ताही आपल्या जातींवर पडताळून घ्यावाच लागतो, आणि त्यासाठी लागते ती जुनी केशनळी: रक्ताने भरायची, एक टोक बंद करायचे, वेगाने फिरवायची आणि खाली बसलेल्या तांबड्या थराची उंची पट्टीने मोजायची. तिला उंबरठा नाही, मांडणी नाही. शेळीच्या पेशी लहान असल्याने ती नळी माणसाच्या रक्तापेक्षा थोडी अधिक वेळ फिरवावी लागते, इतकेच.